नारळाचा मान

सावरगाव रोडला फुटपाथ व्हावा, याबद्दल दोन्ही भावांचं दुमत नव्हतं. तो समोरच्याच्या दारातून जावा, एवढंच दोघांचं म्हणणं होतं.

त्यांच्या वडिलांच्या, बसलिंगप्पांच्या, कापसाच्या रानातून हा रस्ता गेला तेव्हा रानाचे दोन तुकडे पडले, आणि पुढं वाटणीत त्या तुकड्यांनीच निकाल लावला. रस्त्याच्या वरल्या अंगाला थोरला गुरुसिद्धप्पा, खालच्या अंगाला धाकटा महांतेश. गंगाखेड वाढत वाढत इथवर आलं, रानाचे प्लॉट झाले, वस्ती झाली. दोघा भावांनी एकमेकांकडे तोंड करून घरं बांधली. त्यामुळं समोरच्याकडं काय चाललंय हे बघायला कुणाला खिडकीत वाकून उभं राहावं लागत नसे.

गुरुसिद्धप्पांनी नालीवर शहाबादी फरशीचा ऐसपैस ओटा बांधला. तो हद्दीबाहेर होता. महांतेशनं गाडी चढवायला सिमेंटचा उतार केला, वर पत्र्याचं शेड टाकलं. तेही हद्दीबाहेर. या अतिक्रमणांबद्दल दोघं बोलत नव्हते असं नाही. मोंढ्याच्या बाजारात, आपापल्या आडतीच्या दुकानात, तिसऱ्या माणसापाशी आणि अत्यंत काळजीनं बोलत.

"आमच्या महांतेशला कुणी तरी सांगा बाबा. उद्या नगरपालिकेनं शेड पाडलं तर इज्जत घराण्याची जाईल," थोरले म्हणत.

"अण्णाचं वय झालंय," धाकटे म्हणत. "ओट्याला कुणी हात लावला तर त्यांना सहन व्हायचं न्हाई. म्हणून मी गप हाय."

अशी ही माया वर्षानुवर्षं टिकून होती. त्यात पोळा झाल्यावर नगरपालिकेची नोटीस आली. गावाच्या वेशीपासून रस्त्याच्या शेवटापर्यंत 'पदपथ' प्रस्तावित आहे, निधी एका बाजूपुरता आहे, बाजू कोणती असावी यासाठी रहिवाशांनी बैठकीत सूचना मांडाव्यात. बैठकीला जागा कुठली, असा प्रश्न आल्यावर गुरुसिद्धप्पांनी मोठ्या मनानं आपला ओटा देऊ केला. एका बाजूपुरता हे शब्द त्यांनी तोवर वाचले नव्हते. नोटिशीत पहिल्या ओळीत आपलं नाव आहे का एवढं बघून त्यांनी ती खिशात घातली होती.

*

अनुपमा सकाळपासून चहाचं बघत होती. ती गुरुसिद्धप्पांची सून. लग्न जमवताना तिच्या एम.ए.चं या घरात मोठं कौतुक झालं होतं. लग्न झाल्यावर ते कौतुक पाहुण्यांच्या कपबशांसारखं कपाटात गेलं, आणि आता फक्त कुणी बाहेरचं आलं की बाहेर निघे.

"उमाआत्या, तुमी बोलणार ना आज?" तिनं विचारलं.

उमादेवी स्वयंपाकघराच्या दारात पाट घेऊन बसली होती. उजवा पाय लांब सोडलेला. दोन भावांच्या मधली ही बहीण. नवरा गेल्यापासून थोरल्याकडं राहत होती. दोन हंगामांपूर्वी उसाच्या ट्रॉलीची बाजू तिला घासून गेली आणि मांडीच्या हाडात दांडी घालावी लागली. ती तेव्हा कमलबाईच्या घराकडून परत येत होती, काखेत पोथी होती. कमलबाईचं घर रस्त्याच्या पार शेवटाला. कमलबाईला डोळ्यांनी दिसत नाही. उमादेवी रोज दुपारी जाऊन तिला पोथी वाचून दाखवायची. ती पोथी तेव्हापासून अर्ध्यावर थांबली होती. रस्त्याची कड नालीनं आणि ओट्यांनी खाल्लेली, मधून ट्रॅक्टर. काठी टेकवायला जागा नव्हती.

"बोलते की," उमादेवी म्हणाली. "पाठ करून ठेवलंय. पण बायांना कोण विचारतंय?"

"नोटिशीत रहिवासी लिहिलंय. बाया रहिवासी न्हाईत का?"

"बाया रहिवासी असतेत. सूचना नसतेत त्यांच्या."

अनुपमा हसली. "मग गाडीनं जात जा ना कमलबाईकडं. मामा रोज म्हणतेत, गाडी हाय की." सासऱ्याला ती इकडच्या रीतीप्रमाणं मामा म्हणे.

हे तिनं मुद्दामच म्हटलं होतं. गाडीची गोष्ट घरात सगळ्यांना माहीत होती. उमादेवीनं एकदा थोरल्या भावाला गाडी मागितली. तो म्हणाला, दुपारी पाठवतो. ती पोथी रेशमी फडक्यात बांधून, मांडीवर घेऊन बसून राहिली. दिवेलागणीला गाडी मोंढ्यातून आली आणि ड्रायव्हर म्हणाला, उद्या बघू अक्का. मग एकदा महांतेशच्या बायकोनं आपली गाडी पाठवली. ती गाडी दारात उभी राहिलेली बघून गुरुसिद्धप्पा दोन वेळा जेवले नाहीत. समोरच्याची गाडी मागण्याएवढं या घरात काय कमी पडलं, असं त्यांचं दुःख होतं. महांतेश मात्र पुढचा महिनाभर जो भेटेल त्याला सांगत होता, "अक्काला शेवटी माझीच गाडी लागली." उमादेवीनं त्यानंतर दोन्ही गाड्या सोडल्या.

"गाडी हाय," ती आता म्हणाली. "पण ती मागावी लागती. मला न मागता जायचंय, अनुपमा. उठावं, चप्पल घालावी अन जावं. एवढंच."

*

बैठकीला चाळीसेक माणसं आली. सगळ्यात पुढं माणिकराव, एसटीचे रिटायर कंडक्टर. ओट्यावर दाटी झालेली बघून सवयीनं म्हणाले, "पुढं सरका, पुढं सरका, मधी जागा हाय." मग त्यांनी नोटीस वर धरली. "साहेब, तुमी पदपथ कामून लिहिलं? अर्धी माणसं पद मिळतंय म्हणून आलेत. एखांदं उपाध्यक्षाचं असलं तर बघा."

नगरपालिकेचा इंजिनिअर सिद्धोधन तरुण होता, उन्हानं रापलेला. तो हसला नाही. "एकच गोष्ट ठरवायची हाय. वरली बाजू का खालची. मधी बाजू बदलता येणार न्हाई, रस्ता ओलांडताना माणसं मरतेत."

सगळ्यांनी गुरुसिद्धप्पांकडं बघितलं. ते लोखंडी खुर्चीत बसले होते, कपाळाला विभूतीचे ताजे पट्टे. घसा साफ करायला त्यांना वेळ लागला.

"मी काय बोलू? मी वडीलधारा. माझं म्हणणं एवढंच की चांगली गोष्ट आधी धाकट्याच्या दारी जावी. महांतेशकडून जाऊ द्या. आमी आमच्या ओट्यावरून बघू, समाधान मानू."

खालच्या अंगाच्या चार माणसांना गहिवरून आलं. महांतेश उठला, हात जोडले.

"अण्णा असताना माझ्या दारातून? लोक शेण घालतील माझ्या तोंडात. थोरल्या घराचा मान हाय साहेब. तो मी घेणार न्हाई. वडील वरून बघायलेत."

"वडिलांचं कामून काढायलास? वडील जाताना मला म्हणले, महांतेशला सांभाळ."

"सांभाळायलाव की तुमी. फुटपाथ देऊन सांभाळायलाव."

हशा झाला. गुरुसिद्धप्पाही हसले, कारण हसले नसते तर चिडलेले दिसले असते.

"तुझ्या बाजूला सावली हाय," ते गोड आवाजात म्हणाले. "माणसं सावलीतून जातील."

"सावली सकाळची तुमच्याकडंच असती अण्णा. माणसं सकाळीच चालतेत. डॉक्टर सांगतेत त्यांना."

"तुझं दार रुंद हाय."

"तुमचं मन रुंद हाय."

असं बराच वेळ चाललं. बाहेरून ऐकणाऱ्याला वाटावं, एका ताटातला शेवटचा लाडू दोघं एकमेकांकडं सरकवतायत. वरल्या बाजूच्या लोकांना आपापल्या पायऱ्यांची काळजी होती, खालच्यांना आपापल्या उतारांची. म्हणून तेही माना डोलवत होते, आणि घराण्यातलं प्रेम असावं तर असं, असं एकमेकांना सांगत होते. चालण्याबद्दल अजून कुणी काही बोललं नव्हतं.

"बायांचं काय म्हणणं हाय?" सिद्धोधननं विचारलं. "फुटपाथ त्याच जास्त वापरतेत."

"बायांचं आमीच सांगतो की," गुरुसिद्धप्पा म्हणाले.

"मी सांगते," दारातून आवाज आला.

उमादेवी उंबऱ्यात काठी टेकवून उभी होती. इतक्या माणसांसमोर ती आयुष्यात बोलली नव्हती. सकाळपासून पाठ केलेलं वाक्य सुरुवातीपासूनच विसरलं. मधलं तेवढं आठवलं.

"मला कमलबाईकडं जायचं असतंय साहेब. शेवटाला घर हाय. कुणाला न मागता जायचंय. कोणत्या बी बाजूनं करा."

थोरला भाऊ तिच्याकडं बघून इतक्या मायेनं हसला की तिला काठी आवळून धरावी लागली.

"अगं उमा, गाडी हाय की दारात."

"आमची बी हाय अक्का," महांतेश म्हणाला. "कवा बी सांग."

त्या दिवशी दोघा भावांचं एवढ्या एका गोष्टीवर एकमत झालं. लोकांनी वा वा केलं. माणिकराव एकटेच आपल्या चपलेकडं बघत बसले.

"मग एकमत न्हाई, असंच कळवतो," सिद्धोधन म्हणाला आणि बॅगची चेन लावायला लागला. "निधी दुसऱ्या वॉर्डाला जाईल. तिकडं मागायलेत लोक."

"अरेरे," गुरुसिद्धप्पा म्हणाले.

"लय वाईट झालं," महांतेश म्हणाला.

उमादेवीनं दोघांच्या तोंडाकडं बघितलं. लहानपणी शाळा बुडाल्यावर दोघं असेच दिसायचे, चेहरा पडलेला आणि पायाची बोटं नाचत असलेली. आत्ताही थोरल्याच्या पायाचा अंगठा चपलेत खालीवर होत होता. या दोघांना तिनं कडेवर घेतलं नव्हतं, पण ओळखत होती तेवढं. लग्नात यांना जेवण नको असायचं, पहिली पंगत हवी असायची. देवाच्या पालखीला खांदा नको, पुढं चालायला हवं. बापाच्या मयतीतसुद्धा तिरडी आधी कोण धरणार यावरून दोघं रुसले होते.

ती वळली. आत येऊन हळूच म्हणाली, "अनुपमा, देवघरातला नारळ काढ. ताम्हणात ठेव. विभूती, फुलं बी घे. अन सगळ्यांना दिसंल असं घेऊन ये."

अनुपमानं एक क्षण तिच्याकडं बघितलं. मग एम.ए.ला कुठली कळली नव्हती एवढी लख्ख तिला गोष्ट कळली. "पितळी ताम्हण घेऊ का चांदीचं?"

"चांदीचं."

*

ताम्हण बाहेर आलं तेव्हा माणसं उठायला लागली होती. पॉलिश केलेल्या चांदीवर ऊन पडलं आणि सगळ्यांच्या माना वळल्या.

"साहेब, जाता जाता एक विचारते," उमादेवी म्हणाली. "काम सुरू झालं असतं, तर नारळ कुणी फोडला असता?"

सिद्धोधननं ताम्हणाकडं बघितलं, मग तिच्या काठीकडं. बॅग परत खाली ठेवली.

"ज्यांच्या दारातून सुरुवात त्यांनीच. आमच्याकडं तीच पद्धत हाय."

"अन फोटो?" अनुपमानं विचारलं. "फोटो पेपरला देतेत का?"

"देतो की. नावासहित."

समोरच्या तारेवर बसलेला कावळा दोनदा ओरडला. मग महांतेशनं शर्टाची बाही सरळ केली.

"तसं बघितलं तर खालच्या अंगाला जागा सरळ हाय. शेड काय, पत्र्याचंच हाय. नट काढले की निघतंय."

गुरुसिद्धप्पा खुर्चीत ताठ झाले. "मी जिता असताना नारळ तू फोडणार?"

"आत्ता तर तुमी म्हणलाव, महांतेशच्या दारातून जाऊ द्या."

"फुटपाथ जाऊ द्या म्हणलो. नारळ फोड म्हणलो न्हाई."

"तिकीट एकाचं अन शीट दुसऱ्याची, असं न्हाई होत अप्पा," माणिकराव म्हणाले.

"तू गप बस माणिक. थोरल्या घराचा मान हाय, असं हा म्हणला का न्हाई सगळ्यांदेखत?"

"मी रीत म्हणून म्हणलो," महांतेश म्हणाला.

"रीत म्हंजे रीत!"

"मग तुमी सावलीचं कामून सांगत होते?"

"सावली सकाळी माझ्याच बाजूला असती. तूच म्हणलास."

"ओटा जाईल तुमचा."

"जाऊ दे. ओटा बांधणारा मी हाय. नारळाला हात तर लावून बघ."

महांतेश खरोखरच पुढं झाला. दोघांचं मिळून वय शंभरच्या वर असलेली ही माणसं एका ताम्हणावर वाकली आणि अनुपमा ते छातीशी धरून मागं सरकली. सरकताना ताम्हण आपसूक सासऱ्याच्या बाजूला कललं. आपसूक, असं ती पुढं सगळ्यांना सांगायची. गुरुसिद्धप्पांनी नारळाची शेंडी पकडली. फोडायला दगड हवा होता. जवळात जवळ दगड म्हणजे त्यांच्याच ओट्याची शहाबादी कड. 'हर हर' म्हणून त्यांनी नारळ तिच्यावर आदळला. तो फुटला नाही. जोर करून पुन्हा आदळला, तेव्हा फुटला, आणि पाणी धोतरावर उडालं.

टाळ्या पडल्या. माणिकरावांनी मोबाईलवर फोटो काढला. "अप्पा, जरा हसा."

अप्पा हसले. सिद्धोधननं टाळ्या संपू दिल्या नाहीत. आखणीच्या चुन्याच्या फक्कीची पिशवी त्यानं केव्हाच उघडली होती. नारळ फुटला तिथून त्यानं पांढरी रेघ ओढायला सुरुवात केली. रेघ ओट्याच्या मधोमध गेली, लोखंडी खुर्चीच्या पायांना वळसा न घालता सरळ खालून गेली.

"ओटा सगळा यातच येतोय अप्पा. तुमचे उपकार झाले."

गुरुसिद्धप्पा तसेच उभे राहिले, एका हातात नारळाची वाटी, चेहऱ्यावर फोटोसाठी आणलेलं हसू अजून पुसलेलं नव्हतं.

*

दुपारी ते आत आले आणि बहिणीसमोर उभे राहिले.

"तू मुद्दाम केलंस."

"मी नारळ दिला अण्णा. फोडला तुमी."

"माझ्याच घरात राहून माझा ओटा पाडायलीस?"

"ओटा तुमचा व्हय? मला वाटलं सरकारी जागा हाय."

हे वाक्य या घरात आजवर कुणी उच्चारलं नव्हतं. गुरुसिद्धप्पा बाहेर जाऊन ओट्यावर बसले. पण खुर्चीखाली फक्की होती आणि येणारा जाणारा रामराम करण्याआधी खाली बघत होता.

संध्याकाळी महांतेश रस्ता ओलांडून आला. वाटणी झाल्यापासून तो या घरात चहाला बसला नव्हता. अनुपमानं कपाटातल्या कपबशा काढल्या. त्याच्या तोंडावर सहानुभूती होती, आणि ती खोटी नव्हती. नारळ हातचा गेल्याचं त्यालाही तेवढंच लागलं होतं.

"अण्णा, आपण भाऊ भाऊ," तो म्हणाला. "बाहेरचा पोरगा येऊन रेघ मारून जातोय, अन आपण बघायलाव. उद्या दोघं मिळून नगरपालिकेत जाऊ. सांगू, फुटपाथच नको. वॉर्डात शांतता हाय, ती राहू द्या."

गुरुसिद्धप्पांचे डोळे भरून आले. त्यांनी भावाचा हात धरला. "वडील बघायलेत रे."

"बघायलेत अण्णा."

आईच्या आजारपणात जे जमलं नाही, दोन्ही घरच्या लग्नांत जे जमलं नाही, ते आज जमलं. दोघं एका ताटात चिवडा खात बसले. उमादेवी आतल्या खोलीत ऐकत होती. तिनं पोथीचं फडकं सोडलं आणि परत बांधलं. अनुपमा तिच्याजवळ येऊन बसली.

"आत्या, आता?"

"आता काय. मी कुठवर पुरणार?" उमादेवी म्हणाली. "लहानपणी दोघं भांडायचे तवा मला घर खायला उठायचं. वाटायचं, कवा एक होतील. हे बघ, झाले."

अनुपमा उठली. जाताना सासऱ्यांचा चष्मा टेबलावरून घेऊन तो पुसून त्यांच्या खिशात ठेवला. "मामा, उद्या लागंल तुमाला. पेपर येतोय."

*

पेपर सकाळी आला. आतल्या पानावर, खाली, खताच्या जाहिरातीशेजारी. पण फोटो होता, आणि बारा वर्षांपूर्वीचा वाटावा इतका चांगला होता. वर छापलं होतं: 'ज्येष्ठ आडत व्यापाऱ्याकडून पादचाऱ्यांसाठी ओट्याचा त्याग'. गुरुसिद्धप्पांनी ते एकदा मनात वाचलं, एकदा मोठ्यानं, आणि मग कुणी ऐकलं नसेल अशा शंकेनं पुन्हा. त्याग हा शब्द त्यांच्या नावाजवळ पहिल्यांदाच आला होता. तो त्यांना लगेच आवडला.

महांतेश ठरल्याप्रमाणे नवा शर्ट घालून दारात आला. "चला अण्णा."

"कुठं?"

"नगरपालिकेत."

गुरुसिद्धप्पांनी पेपर घडी करून मांडीवर ठेवला. "महांतेश, तुला मी एक सांगतो. माणसानं आयुष्यात काही तरी सोडायला शिकावं."

महांतेशनं पेपर उलगडला, वाचला, भावाकडं बघितलं, परत वाचला. मग रस्ता ओलांडून गेला. चहाचं नातं एक रात्र टिकलं.

पुढं मोंढ्यात गुरुसिद्धप्पा सांगायला लागले की ओटा द्यायचं त्यांच्या फार दिवस मनात होतं. दिवाळीपर्यंत ते 'फार दिवस' आधी वर्षभर आणि मग पाच वर्षं झाले. पेपरचं कात्रण प्लॅस्टिकमध्ये घालून गल्ल्यावर लागलं. फरशी निघाली त्या दिवशी ते स्वतः उभे राहून मजुरांना सांगत होते, "जपून रे, त्यागातली हाय."

काम दिवाळीला संपणार होतं. ते संक्रांतीनंतर संपलं. तोवर उसाचा हंगाम ऐन भरात होता. कारखान्याकडं जाणाऱ्या ट्रॅक्टरांची रांग, प्रत्येकामागं दोन ट्रॉल्या, उसाची शेंड्याकडली वाढी रस्त्याला घासणारी, कर्णे लावून गाणी. उमादेवी एका दुपारी उठली. चप्पल घातली. पोथी काखेत धरली. कुणाला काही सांगितलं नाही. अनुपमानं खिडकीतून बघितलं.

ओट्याच्या जागी आता फुटपाथ होता आणि त्याच्या आतल्या अंगाला गुरुसिद्धप्पांनी खुर्ची टाकली होती. दोघं तिघं बसलेले होते.

"हिच्यासाठीच दिला मी," ते तिच्याकडं बोट दाखवून त्यांना म्हणाले. "बहीण हाय. पाय अधू हाय. म्हणलं, ओटा गेला तरी चालंल."

उमादेवी क्षणभर थांबली. ट्रॅक्टर जाईपर्यंत थांबली असं वाटावं एवढंच. मग पुढं चालायला लागली.

अर्ध्या वाटेवर महांतेशनं सिमेंटचं बाकडं ठेवलं होतं. नारळ गेला म्हणून त्यानं स्वखर्चानं ते देऊन टाकलं, आणि भावाच्याच बाजूच्या फुटपाथच्या मधोमध, येणाऱ्याजाणाऱ्याला टाळता येऊ नये असं ठेवलं. पाठीवर लाल अक्षरांत त्याचं पूर्ण नाव, त्याखाली आडतीचं नाव, त्याखाली 'यांच्या सौजन्याने'. माणसं त्याला वळसा घालायला रस्त्यावर उतरायची आणि शिव्या द्यायची. उमादेवीचा पाय तोवर भरून आला होता. ती त्याच्या नावाला पाठ टेकवून बसली. ट्रॉल्या जात राहिल्या. दम खाऊन झाल्यावर बाकड्याच्या कडेला धरून सावकाश पलीकडं गेली.

कमलबाई ओसरीत पाय पसरून बसली होती. काठीचा आवाज ऐकून तिनं मान वर केली.

"कोण? उमा?"

"व्हय."

"गाडीचा आवाज आला न्हाई. कुणी सोडलं तुला?"

"कुणी न्हाई," उमादेवी म्हणाली. "आले."

कमलबाईनं हात पुढं करून तिचे पाय चाचपले. चपला होत्या. चपलांना बारीक धूळ होती. ती धूळ तिनं बोटांवर घेतली आणि चोळून बघितली.

"परत कशी जाशील?"

"तशीच."

कमलबाई पदर सावरून भिंतीला टेकली.

"वाच मग. राजा दारात उभा होता. आत घ्यायचा राहिलाय कवापासून."

उमादेवीनं फडकं सोडलं.